पहिला पावसाळा कोंबड्यांनी चिखलात काढला. जाळीत खाली काय घालू आणि वर काय घालू?

तिरफळ | १४ एप्रिल, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. गेल्या वर्षी आम्ही पुणं सोडून गुहागर तालुक्यात सासरच्या घरी राहायला आलो आणि मे महिन्यात बारा कोंबड्या आणल्या. आठ गावठी, चार गिरिराज. रात्रीचा खुराडा छान आहे, जांभ्या चिऱ्याचा, जोत्यावर, वर कौलं. माझी अडचण त्याच्या पुढच्या जाळीची आहे. मागच्या परसात, घराच्या आणि खुराड्याच्या मधे, दहा फूट बाय वीस फूट जागा षटकोनी जाळीने वेढून घेतली आहे. आमच्याकडे भटकी कुत्री आहेत, अधूनमधून बिबट्याही येतो. त्यामुळे दिवसभर मोकळं सोडता येत नाही, दुपारी चारपर्यंत सगळ्या जाळीतच.

मे महिन्यात जागा दृष्ट लागावी अशी होती. खाली गवत, वर फणसाची सावली. गवत त्यांनी पंधरा दिवसांत संपवलं. मग मृग लागला, आणि जूनअखेर अशी अवस्था की आत पाय टाकला की चप्पल आतच राहायची. जुलैत वास स्वयंपाकघरात. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त जेवताना मागचं दार लावून घ्यायला लागल्या. दोन कोंबड्यांच्या तळपायाला गाठी आल्या. सहा पिल्लांपैकी चार रक्ताच्या हगवणीने गेली.

आता हातात दीड महिना आहे. कोणी कोबा कर म्हणतं, कोणी वाळू पसर म्हणतं, एका नातेवाइकांनी चिरे बसवायला सांगितलं. वर सध्या काहीच नाही, फक्त फणस. ज्यांनी कोकणातल्या पावसात हे केलंय त्यांनीच सांगा. यूट्यूबवर सगळे कोरड्या गावचे आहेत.

---

ठाण्याचा_चाकरमानी | १४ एप्रिल, रात्री १०:१५

सरळ कोबा करून टाका. उतार द्या, रोज पाइपने धुवा, विषय संपला. उंदीर-घुशीही खालून येणार नाहीत. एकदाच काय तो खर्च.

---

सड्यावरचा | १५ एप्रिल, सकाळी ७:०५

चाकरमानी साहेब, रोज धुवायला पाणी कुठलं? आमच्या राजापूरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, एप्रिलात माणसांच्या आंघोळीला मोजून पाणी असतं.

मी कोबा केला होता, म्हणून बोलतो. कोंबडीचा अर्धा दिवस उकरण्यात जातो, कोब्यावर ती उकरणार काय? माझ्या एकमेकींची पिसं उपटायला लागल्या. उन्हाळ्यात कोबा तापतो. पावसात धुतलेलं पाणी वाळतच नाही, शेवाळ धरतं, आणि टणक ओल्या जमिनीवर उड्या मारून तळव्याच्या गाठी जास्तच होतात. शेवटी त्यावर अर्धा फूट भुसा टाकला तेव्हा जमलं. मग कोब्याचे पैसे कशाला घातले, असं बायकोने विचारलं. अजून विचारते.

उंदराचा मुद्दा मात्र खरा आहे, तेवढ्यासाठी रात्रीच्या खुराड्याला कोबा जरूर करा.

---

मालवणी_खाजा | १५ एप्रिल, सकाळी ८:३०

माका एक सांगा, इतक्या सगळ्या करून त्यो अंडी किती घालतत? आमच्या आजयेक एक डालगा आणि पडवेचो कोपरो पुरा होय. 🙂

मस्करी बाजूला. आजीच्या कोंबड्या दिवसभर अख्ख्या वाडीत हिंडायच्या, एका जागी उभ्या राहायच्याच नाहीत, म्हणून चिखल कधी दिसला नाही. जाळीत कोंडल्या की हगणं एकाच जागी. तिरफळताई, तुमची जमीन वाईट नाही, तिला उसंतच मिळत नाही.

---

बापू_आगरवाले | १५ एप्रिल, सकाळी ११:२०

खाली काय घालायचं हा नंतरचा प्रश्न आहे. आधी दोन गोष्टींची उत्तरं दे बाळ. तुझ्या घराच्या मागच्या पागोळ्या कुठे पडतात? आणि खुराड्याच्या कौलांचा उतार कुठल्या बाजूला आहे?

---

तिरफळ | १५ एप्रिल, दुपारी १:१०

बापूकाका, तुमचा प्रश्न वाचून मागे जाऊन बघितलं आणि कपाळावर हात मारला. घराच्या मागच्या पागोळ्या जाळीच्या एका कडेला, खुराड्याच्या पागोळ्या दुसऱ्या कडेला. दोन्ही आत.

---

बापू_आगरवाले | १५ एप्रिल, दुपारी ३:४५

वाटलंच. आता हिशेब मांड. तुझी जागा दोनशे चौरस फूट, म्हणजे साडेअठरा चौरस मीटर. आपल्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटर पाऊस म्हणजे काही विशेष नाही. नुसतं आभाळातून तुझ्या जाळीत छप्पन्न हजार लिटर पाणी पडतं. दहा हजारी टँकर धरलास तर साडेपाच. दोनशे मिलिमीटरचा एक दिवस आला तर एका दिवसात पावणेचार हजार लिटर. ह्यात दोन छपरांच्या पागोळ्या मी धरलेल्याच नाहीत. बारा कोंबड्या, प्रत्येकीची दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम घाण. ती ह्या पाण्यात कालवली जाते. आता तू तूस घाल, भुसा घाल, वाळू घाल नाहीतर सोनं घाल, कोण किती पाणी पिणार?

म्हणून क्रम असा. पहिल्यांदा पागोळ्या बाहेर काढ. दोन्ही छपरांना पन्हळी लाव. चार इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून लावलास तरी चालतो. आमच्या लहानपणी पोफळ मधोमध फाडून आतला गाभा कोरून पन्हळ करायचे, तीही चांगली दहा वर्षं जायची. मग परसाच्या चढाच्या बाजूने चर खण, फूटभर रुंद, फूटभर खोल. त्यात चिऱ्याचे तुकडे भर आणि तोंड माडांच्या आळ्याकडे काढ. वरून वाहून येणारं पाणी जाळीपर्यंत पोचताच कामा नये.

त्यानंतर वरची तीन-चार इंच काळी पडलेली माती खरवडून काढ. ती माती नाही आता, ते खत आहे, झाडांना दे. आपली तांबडी माती एरवी पाणी जिरवते, पण कोंबड्यांच्या पायांनी तुडवून आणि घाणीने लिंपून तिचं वरचं तोंड बंद झालेलं असतं. खरवडलेल्या जागी चिरेखाणीतला मुरूम टाक, पाणी मारून चोप, आणि आतली जमीन बाहेरच्यापेक्षा अर्धा फूट उंच आण. हे सगळं झालं की मग ये विचारायला, वर काय पसरू म्हणून.

---

गुरांचा_डॉक्टर | १५ एप्रिल, रात्री ९:००

बापूंचं सगळं बरोबर. पिल्लं गेली त्याबद्दल थोडं लिहितो.

रक्ताची हगवण म्हणजे बहुतेक वेळा कॉक्सिडिओसिस. त्याचे जंतू विष्ठेतून पडतात तेव्हा लगेच रोग देऊ शकत नाहीत. त्यांना पिकायला ऊब, हवा आणि ओल लागते. जुलैतल्या कोकणात तिन्ही फुकट मिळतात, एक-दोन दिवसांत ते तयार होतात. पिल्लू चिखलात चोच मारतं आणि गिळतं. तीन ते आठ आठवड्यांची पिल्लं सगळ्यात नाजूक. मोठ्या कोंबड्या थोड्या थोड्या संसर्गाने सरावतात, त्यांना बाहेरून काही दिसत नाही, पण त्या पसरवत राहतात. फिनाइल, डेटॉल अशा घरगुती जंतुनाशकांनी हे जंतू सहसा मरत नाहीत. कोरडेपणाने मरतात. म्हणून पिल्लं पावसाळ्यात जमिनीवर सोडूच नका. पोफळीच्या रिपांचा किंवा जाळीचा उचललेला तळ करा, घाण खाली पडली पाहिजे. औषध आहे, अँप्रोलियम पाण्यातून देतात, पण डोस तुमच्या जवळच्या पशुवैद्यकांना विचारूनच.

दुसरं, वास आला की आपल्याकडे लोक चुना मारतात. ओल्या, घाण झालेल्या बिछान्यावर चुना टाकलात तर अमोनिया उलट भसकन बाहेर येतो, डोळे झोंबतात, कोंबड्या शिंकायला लागतात. चुलीच्या राखेचंही तेच, ओल्यावर नको. बिछाना पूर्ण काढून खालची जमीन उघडी केलीत की मग त्यावर चुना भुरभुरा, तिथे तो कामाचा.

तळव्याची गाठ म्हणजे बारीक जखम आणि वर ओली घाण. कोरडी, मऊ जमीन आणि फार उंच नसलेली बसायची काठी, एवढ्याने निम्म्या गाठी होतच नाहीत. गिरिराज वजनाने जड, त्यांची काठी दीड-दोन फुटांवरच ठेवा.

---

ठाण्याचा_चाकरमानी | १५ एप्रिल, रात्री १०:३०

मान्य, कोबा मागे घेतो. पण मग वाळूत काय वाईट आहे? तुमच्याकडे तर समुद्र दारात.

---

बंदरावरची | १६ एप्रिल, सकाळी ६:५०

दारात आहे म्हणून उचलून आणता येत नाही हो. किनाऱ्यावरची वाळू काढायला सीआरझेडच्या (किनारपट्टी संरक्षणाच्या) नियमांनी १९९१ पासून बंदी आहे. शिवाय ती खारी. कोंबड्या वाळूतले खडे-शिंपले वेचून गिळतात, त्याबरोबर मीठ पोटात जातं, पाणी जास्त पितात, हगवण पातळ. आमच्या हर्णैला एका ओळखीच्यांनी हा उद्योग केला होता, महिन्याभरात वाळू परत उपसली.

नदीची जाड वाळू मिळाली तर छपराखाली छान. रोज दाताळ्याने घाण ओढून काढायची, बाकी कोरडी राहते. पण उघड्यावर टाकलीत तर पहिल्या पंधरवड्यात विष्ठेबरोबर तिचा केक होतो. आणि आजच्या भावाने दोनशे चौरस फूट वाळू भरण्यापेक्षा अंडी विकत आणलेली परवडतील.

---

रानमोगरी | १६ एप्रिल, सकाळी ९:१५

खाली पसरायला आमच्याकडे जे फुकट किंवा जवळजवळ फुकट मिळतं ते सांगते. भातगिरणीवरचा तूस, नारळाची सोडणं (वरची काथ्याची सालं), झाडांचा पातेरा (वाळका पाला), लाकूडवखारीतला भुसा आणि भाताचा पेंढा.

माझा पहिला नंबर तूस आणि सोडणाचे तुकडे मिळून. तूस हलका, उकरायला सोपा, गठ्ठा होत नाही, पण स्वतः पाणी फारसं पीत नाही. सोडण पाणी पितं आणि कुजायला दीड-दोन वर्षं घेतं. कोयत्याने दोन-दोन बोटांचे तुकडे करायचे. कंटाळवाणं काम आहे, संध्याकाळी गप्पा मारत बसून होतं. अख्खी सोडणं टाकायची असतील तर जाळीच्या दाराशी, जिथे जास्त तुडवलं जातं तिथे, आणि पालथी टाका. माडाच्या आळ्यात आपण ती उताणी पुरतो कारण तिथे पाणी धरायचं असतं, इथे उलटं. उताणं सोडण किंवा करवंटी पावसात राहिली की डास, आणि डासांमधून कोंबड्यांना देवी.

पेंढा अख्खा नको. ओला झाला की चटईसारखा बसतो, खालून बुरशी धरतो. कापून घातला तर ठीक. भुसा बारीक असेल तर पिल्लांना नको, ती खातात. फर्निचरवाल्याकडचा तर अजिबात नको, त्यात प्लायचा गोंद आणि पॉलिश असतं.

काजूची टरफलं चुकूनही टाकू नका! आमच्या भागात कारखान्याबाहेर ढीग असतात, फुकट देतात, दिसायलाही झकास. त्यात जे तेल असतं ते कातडी जाळतं. काजू हा बिब्ब्याचाच भाऊबंद आहे.

---

सड्यावरचा | १६ एप्रिल, सकाळी १०:००

पातेऱ्याबद्दल लिहायचं राहिलं का? मी तर दरवर्षी मार्चमध्ये जंगलातून पंधरा-वीस भारे आणतो. आंब्याचा, काजूचा, ऐनाचा. कोंबड्यांना त्यातले किडे वेचायला मिळतात, दिवसभर खूश.

---

रानमोगरी | १६ एप्रिल, सकाळी १०:४०

मुद्दाम वेगळं लिहिणार होते. मी दोडामार्गची. २०१६ साली आमच्याकडे माकडताप आला (माकडं त्याने मरतात, माणसांनाही होतो), पुढच्या वर्षी बांद्याकडे. तो गोचिडींमधून पसरतो, आणि बारीक गोचीड नेमकी जंगलातल्या वाळक्या पाल्यात असते. डिसेंबर ते मे हाच त्याचा हंगाम आणि पातेरा गोळा करायचाही हाच. माकड मेल्याचं ऐकलं त्या बाजूचा पाला घरी आणायचा नाही, हा आमचा आता नियम आहे. परसातल्या, अंगणातल्या झाडांचा पाला झाडून वापरा, तो पुष्कळ होतो. राजापूरला तुमच्याकडे तशी परिस्थिती नसेल, पण भारा डोक्यावर घेताना अंग झाकलेलं असू द्या.

---

सड्यावरचा | १६ एप्रिल, सकाळी ११:०५

हे डोक्यात आलंच नव्हतं. ह्या वर्षी फक्त घरच्या कलमांखालचा.

---

तिरफळ | १७ एप्रिल, रात्री ८:२०

सगळ्यांचे आभार. खालचं बरंच स्पष्ट झालं. आता वरचं. पूर्ण दोनशे चौरस फूट झाकायचं बजेट नाही. नवरा म्हणतो शेडनेट लावू, दीर म्हणतो निळी ताडपत्री.

---

बंदरावरची | १७ एप्रिल, रात्री ९:०५

शेडनेट उन्हाळ्यापुरतं. पाऊस त्यातून गाळून पडतो, एवढाच फरक. ताडपत्रीला पहिल्या मोठ्या सरीत पोट सुटतं, मग दर तासाला काठीने खालून ढकलून पाणी सांडत बसायचं. दोन्ही माझ्याकडे झालंय.

घारीसाठी वर जुनं मासेमारीचं जाळं मात्र बेस्ट. बंदरावर फाटकं जाळं स्वस्तात मिळतं, नायलॉन आहे, खाऱ्या हवेला दाद देत नाही. एकच काळजी, ताणून बांधा. ढिलं सोडलंत तर कोंबडा उडून पायात अडकतो, आणि सापही अडकून राहतो. सुटा धागा खाली लोंबू देऊ नका, पायाला गुंडाळला तर बोट काळं पडेपर्यंत कळत नाही.

---

बापू_आगरवाले | १८ एप्रिल, सकाळी ७:३०

दीराला सांग, ताडपत्री लग्नाच्या मांडवाला.

सगळं झाकू नकोस. जागेचे दोन भाग कर. खुराड्याला लागून दहा बाय बाराचं पक्कं छप्पर, उरलेला भाग उघडा, वर नुसतं जाळं. मधे एक लहान दार. पावसाच्या दिवसांत ते बंद, उघडीप मिळाली की उघडायचं. खाजाने वर म्हटलं ना, उसंत, ती अशी मिळते जमिनीला. बारा पक्ष्यांना एकशेवीस फूट म्हणजे माणशी, म्हणजे कोंबडीशी, दहा फूट. त्याच्या खाली जाऊ नकोस.

छप्पर कशाचं, तर कौलं असतील तर कौलं. थंड राहतं. पण वर फणस आहे म्हणतेस. पिकलेला फणस कौलांवर पडला की खाली कोंबडी असो की माणूस, बघायला नको. ती फांदी उतरव. सिमेंटच्या पत्र्याचंही तेच. मी पन्हळीचा लोखंडी पत्रा घातलाय. मे महिन्यात तापतो, म्हणून उन्हाळ्यात वर झावळ्या टाकतो आणि आगोटीच्या, म्हणजे पाऊस सुरू होण्याच्या, आधी आठवणीने उतरवतो. पावसात राहिल्या तर कुजून पत्रा गंजवतात.

आणि बांधणी. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या रायगड किनाऱ्यावर आलं तेव्हा माझ्या आगरातल्या निम्म्याहून जास्त पोफळी आडव्या झाल्या. ज्यांनी पत्र्यावर नुसते चिरे ठेवले होते त्यांचे पत्रे नाहीसे झाले आणि चिरे तिथेच खाली पडलेले. पत्रा बोल्टने वाशाला आवळ, भोक पत्र्याच्या उंचवट्यावर पाड, खोलगटात पाडलंस तर गळेल. खांब दोन फूट जमिनीत.

उतार पूर्वेकडे किंवा पाणी जिथे न्यायचंय तिकडे दे. नैऋत्येकडून झड येते, त्या अंगाला माडाच्या विणलेल्या झावळ्यांची झापं बांध. मात्र जमिनीपासून तीन फुटांपर्यंतच. वरचा भाग मोकळा राहू दे, वारा खेळला नाही तर आतली ओल आतच घुमेल. छपराची कड दोन फूट पुढे काढ.

---

मालवणी_खाजा | १८ एप्रिल, सकाळी ९:००

कोंबयांका दोन खोल्येचा घर, वर पत्रो, पन्हळ, दार. आमच्या मुंबयच्या खोलयेपेक्षा मोठा झाला ह्यां. गटारीक येतंय बघूक.

---

तिरफळ | १८ एप्रिल, सकाळी ९:२०

गटारीच्या दिवशी फाटकाला कुलूप असेल. 😄

---

सड्यावरचा | १८ एप्रिल, दुपारी १२:१५

छपराच्या नादात कडेची जाळी विसरू नका. षटकोनी जाळी कोंबडी आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. आमच्याकडे कुत्र्याने दातांनी ओढून भोक पाडलं. खालचे तीन फूट वेल्डमेश लावा, अर्ध्या इंचाच्या चौकटीची. मुंगूस आणि मोठा साप दोन्ही अडतात. आणि जाळीचा दीड-दोन फूट पदर बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवा पसरून वर चिरे ठेवा. खणणारं जनावर कुंपणाच्या अगदी मुळाशी खणायला लागतं, तिथे पायाखाली जाळी लागली की सोडून देतं. समुद्राजवळ असाल तर वर्षाला एकदा डांबर नाहीतर ऑइलपेंट, नाहीतर तिसऱ्या वर्षी जाळी हातात येते.

बिबट्यासाठी ह्यातलं काही पुरत नाही. संध्याकाळी खुराड्यात आणि दाराला कडी, बस.

---

तिरफळ | ३ जून, रात्री १०:००

झालं! काम दोन आठवड्यांचं होतं, पाच आठवडे लागले. गवंडी एका लग्नाला म्हणून गेले ते तिकडेच रमले.

चर खणला, पन्हळी लावल्या, जुनी माती खरवडली. एकूण अठरा पाट्या निघाली, सासूबाईंनी ती कढीपत्त्याला द्यायला लावली. एकाच झाडाला इतकं खत नको म्हणून मी कढीपत्त्याला एकच पाटी दिली, बाकी माडांच्या आळ्यांत फिरवली. मुरूम चोपून जमीन सात इंच वर आली. दहा बाय बारावर पत्रा. फणसाची फांदी उतरवताना चौदा फणस मिळाले, गावभर वाटले.

खाली तूसाच्या आठ गोणी, त्यात आम्ही सगळ्यांनी मिळून तोडलेली सोडणं आणि अंगणातला पातेरा. साधारण अर्धा फूट थर. कोपऱ्यात छपराखाली कोरड्या राखेची जुनी घमेली, अंग लोळवायला. पहिल्याच दिवशी चारजणी एकाच घमेल्यात.

डॉक्टरसाहेब, हा थर किती दिवसांनी बदलू?

---

गुरांचा_डॉक्टर | ३ जून, रात्री १०:४५

कॅलेंडर बघून बदलू नका. मूठभर उचला आणि घट्ट आवळा. मूठ उघडल्यावर लाडू तसाच राहिला तर ओल जास्त, कोरडा तूस मिसळा आणि उकरा. लाडू लगेच फुटला तर ठीक. नुसती धूळ उडाली तर फारच कोरडं. आठवड्यातून दोनदा दाताळ्याने खालवर करा. मूठभर धान्य थरात पसरलंत तर निम्मं काम कोंबड्याच करतील. पाण्याचं भांडं मात्र विटेवर, त्यांच्या पाठीच्या उंचीला. छपराखालच्या ओलीचं सगळ्यात मोठं कारण पाऊस नसतो, सांडलेलं पाणी असतं. आणि आत जाताना बूट घाला, उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होतो, पायावर जखम असेल तर विशेष.

राणीखेतची, म्हणजे मानमोडीची, लस राहिली असेल तर पाऊस वाढायच्या आत उरकून घ्या. जमीन कितीही कोरडी ठेवलीत तरी मानमोडी तिला विचारत नाही.

---

तिरफळ | २२ जुलै, दुपारी २:३०

खरं सांगायचं तर एक फजिती झाली. गेल्या आठवड्यात सलग चार दिवस कोसळत होता. पाचव्या दिवशी आत गेले तर घराच्या बाजूचा कोपरा काळा आणि तोच जुना वास. फणसाच्या पानांनी पन्हळ तुंबली होती आणि सगळ्या पागोळ्या उडी मारून आत. मुठीत घेतलं तर लाडू नव्हे, गाळ. तेवढा भाग खुरप्याने उचलून बाहेर काढला, दोन घमेली कोरडा तूस टाकला. आता पन्हळीच्या तोंडाला जुन्या वेल्डमेशचा तुकडा लावलाय आणि दर रविवारी शिडीवर चढते.

बाकी जागा कोरडी आहे. चप्पल पायातच राहते. गाठी कोणालाच नाहीत. नवी पिल्लं रिपांच्या तळावर आहेत, नऊच्या नऊ. मागचं दार जेवताना उघडं असतं, कोंबडा आत येऊन ताटाकडे बघतो ही नवीन तक्रार.

उघड्या भागात मात्र चिखलच आहे. तिथे काय करू?

---

बापू_आगरवाले | २२ जुलै, संध्याकाळी ६:१०

काही करू नकोस. दार बंद ठेव. गवत आपोआप येईल.

---

तिरफळ | १९ ऑक्टोबर, रात्री ८:००

बापूकाका, आलं. गुडघाभर. परवा दार उघडलं, पुन्हा पंधरा दिवसांत संपेल बहुतेक, म्हणून आता रोज दोनच तास सोडते.

छपराखालचा थर चार महिन्यांत एकदाही पूर्ण बदलला नाही, वरून तीन गोण्या तूस टाकला. खालचा काळा, भुसभुशीत झालाय, वास मातीसारखा. अर्धा काढून ढीग लावला आहे, दोन महिन्यांनी माडांना. सोडणाचे तुकडे जसेच्या तसे, ते परत वापरणार.

---

सड्यावरचा | १९ ऑक्टोबर, रात्री ८:४०

एक विचारायचं होतं. माझ्या कोंबड्या उकरून उकरून निम्मा तूस जाळीबाहेर फेकतात. तुमच्याकडे होत नाही?

---

तिरफळ | १९ ऑक्टोबर, रात्री ९:०५

झालं होतं, जूनमध्येच. जाळीच्या आतून कडेने पोफळीच्या उभ्या फाडलेल्या फळ्या लावल्या, फूटभर उंच. दाराशी एक चिरा आडवा. त्याला रोज ठेच लागते, पण तूस आत राहतो.